निम आणि देवदूत : रुग्णवाहिकेंतील मनुष्य व आपलें वाङ्मय

एखाद्या समाजाचें वाङ्मय किती संपन्न आहे हें ठरवितांना त्यांत कोणाकोणाचीं चित्रें आलीं आहेत याची मोजदाद करण्याची चाल आपल्या टीकाकारांत आहे. तिच्याबरोबर दुसरीही एक मोजदाद व्हावयास हवी असें आम्हांस वाटतें. रोज आपल्या दारावरून जाणारा, आपल्या घरच्या मरणाशीं प्रत्यक्ष झुंजणारा असा कोणता मनुष्य आहे कीं, ज्यास आपल्या भाषेंत धड नांवही मिळालेलें नाहीं? असा मनुष्य शोधूं गेल्यास फार दूर जावें लागणार नाहीं. तो रुग्णवाहिकेंत, रुग्णाच्या उशाशीं बसलेला आहे.

'रुग्णवाहिका' हा शब्द मोठा सुबक आहे. अर्थ स्वच्छ, उच्चार सोपा, आणि लोकांनीं तो इतका आपलासा केला आहे कीं, तो कोणीं तरी बसून घडविलेला शब्द आहे हें आतां कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. परंतु या शब्दांत रुग्ण आहे, गाडी आहे, वाहून नेणें आहे. उपचार मात्र नाहीं, आणि उपचार करणाराही नाहीं. इंग्रजींत ज्यास पॅरामेडिक म्हणतात त्याच्यासाठीं आपल्या सरकारी मराठीनें 'निमवैद्यकीय कर्मचारी' असा प्रयोग रूढ केला. 'निम' हें पद आपल्या भाषेंत कोठें येतें तें पाहावें. निमसरकारी म्हणजे पुरतें सरकारी नव्हे तें. निमशहरी म्हणजे ज्याचें शहर होतां होतां राहिलें तें. आणि 'नीम हकीम' म्हणजे तर जिवास धोका, असें ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याच समाजाच्या दारीं आपण या मनुष्यास 'निम' म्हणून पाठवितों! शिवाय हा शब्द त्याच्या एकट्याचाही नव्हे. प्रयोगशाळेंत रक्त तपासणारा, क्ष-किरणांनीं चित्र घेणारा, असे कित्येक निरनिराळ्या कामांचे लोक त्याच एका गोणींत भरलेले आहेत. ज्याचें काम चालत्या गाडींत, अपुऱ्या उजेडांत, रडणाऱ्या नातलगांच्या देखत चालतें, त्याचें वेगळेपण या शब्दांत कोठेंच उमटत नाहीं.

हा विचार आम्ही वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांतील रिठद हें गांव डोळ्यांपुढें ठेवून करीत आहों. मुंबई-पुण्याच्या वाचकास हें नांव कदाचित् अपरिचित असेल. पण वाङ्मयाच्या अभ्यासकास तो प्रदेश अपरिचित असण्याचें कारण नाहीं. वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्म नगरींत. काव्याची आणि शास्त्राची गांठ जेथें पडली असें प्राचीन मीमांसक मानीत, त्या मुलखांतील हें एक शेतकऱ्यांचें गांव. सोयाबीन आणि तूर हीं तेथल्या मुलखाचीं पिकें. हा जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झाला. २०१८ सालीं केंद्र सरकारनें त्यास 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादींत घातलें, म्हणजे सरळ भाषेंत, तो मागें पडला आहे असें कबूल केलें. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय वाशीमला मिळालें तें २०२४ सालीं. तोंपर्यंत दुखणें हाताबाहेर गेलें कीं अकोल्याची वाट धरावी लागे. अशा ठिकाणीं गांव आणि रुग्णालय यांच्यामधला रस्ता हा नुसता रस्ता राहत नाहीं. मनुष्य जगणार कीं नाहीं याचा निर्णय पुष्कळदां त्या रस्त्यावरच होतो.

तो कसा होतो हें पाहण्यासाठीं पावसाळ्यांतील एक रात्र कल्पावी. मण्यार बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंशाची वेदना थोडी, खूण तर कित्येकदां दिसतही नाहीं. मनुष्य उठतो तो पोट दुखतें म्हणून. घरचीं माणसें ओवा देतात, पोट शेकतात. पहांटेच्या सुमारास त्याच्या पापण्या आपोआप मिटूं लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाहीं. मग कोणास तरी सापाची शंका येते. फोन लागतो तो १०८ या आंकड्यास. तो वाजतो पुण्याच्या मध्यवर्ती केंद्रांत, आणि तेथून जवळच्या गाडीस निरोप जातो. पलीकडून प्रश्न येतात : गांव कोणतें, तालुका कोणता, जवळची खूण काय, रुग्ण शुद्धीवर आहे काय, श्वास चालतो काय? घाबरलेल्या मनुष्यास हे प्रश्न निर्दय वाटतात. "आधीं गाडी पाठवा, मग काय तें विचारा," असें तो ओरडतो. परंतु एका नांवाचीं दोन गांवें असलेल्या या देशांत चुकीच्या गांवीं धांवलेली गाडी ही न धांवलेल्या गाडीइतकीच निरुपयोगी असते, हें प्रश्न विचारणारास ठाऊक असतें.

गाडी येते. तींतून उतरणाऱ्या मनुष्याचें पहिलें काम सापाची चौकशी करणें हें नसतें. श्वासाचा मार्ग मोकळा आहे कीं नाहीं, मग श्वास कसा चालला आहे, मग नाडी. हा क्रम तो मोडीत नाहीं. पायावर कोणीं करकचून दोरी बांधलेली असते, कोणीं ब्लेडानें चीर दिलेली असते. हें करूं नये असें शास्त्र सांगतें, पण तें तेथें सुनावीत बसण्याची ती वेळ नव्हे. दंशाचा पाय फळी लावून स्थिर करावयाचा, रुग्णास एक पाऊलही चालूं द्यावयाचें नाहीं, दंश केव्हां झाला असावा व पापण्या केव्हां मिटूं लागल्या तें विचारून टिपून घ्यावयाचें, आणि पुढच्या रुग्णालयास फोनवर कळवून प्रतिविष तयार ठेवावयास सांगावयाचें.

गाडी चालूं लागली कीं खरी कसोटी सुरू होते. मण्यारीचें विष स्नायूंस निकामी करितें. हृदय चालत असतें, कदाचित् शुद्धही असते, पण छाती हलेनाशी होते. अशा वेळीं तोंडावर मास्क घट्ट धरून अँबू बॅगनें, म्हणजे हवेच्या त्या लवचीक पिशवीनें, दर सहा सेकंदांस एक याप्रमाणें श्वास द्यावा लागतो. रस्त्यांत खड्डा येवो, कोणी नातलग रडत खांद्याला धरो, पिशवीची लय बदलून चालत नाहीं. घाईनें दाबली तर हवा पोटांत शिरते, उलटी होते, आणि वांचविण्यासाठीं दिलेला श्वासच घात करितो. रुग्णालयांत प्रतिविष आहे, पुढें कृत्रिम श्वासाचें यंत्र आहे; पण तेथपर्यंत दुसऱ्याचा श्वास आपल्या मुठींत धरून बसणारा हा मनुष्य नसेल तर त्या सर्वांचा उपयोग काय? हें नुसतें 'वाहणें' नव्हे. हें वाटेंत जिवंत ठेवणें आहे. आणि 'वाहिका' या शब्दांत तो अर्थ मावत नाहीं.

रुग्णालयाच्या दारांत काम संपतें असेंही नाहीं. तेथें कागदावर वेळा, नाडी, रक्तदाब, श्वास, दिलेला उपचार लिहून, तोंडानेंही सांगून, रुग्ण दुसऱ्याच्या हातीं सोंपवावा लागतो. मग स्ट्रेचर व गाडीची लादी धुणें, वापरलेलें सामान पुन्हां भरणें, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब पाहणें. पाळी सामान्यतः बारा तासांची. तिच्या आरंभीं सक्शन यंत्र, ग्लुकोमीटर, प्रसूतीचें सामान, मानेचा पट्टा हें सारें तपासलेलें असतें, आणि मध्यरात्रीं जें कामीं पडेल तें सकाळीं तपासलें होतें म्हणूनच पडतें. मण्यारीनंतर येणारा निरोप प्रसूतीचा असेल, दुचाकीवरून पडलेल्याचा असेल, अथवा फवारणीच्या औषधानें विषबाधा झालेल्याचा असेल. मागच्या रुग्णाचें काय झालें हें त्यास बहुधा कळतही नाहीं. प्रत्येक कथेचा मधला भाग तेवढा हातीं यावा आणि शेवट एकाही कथेचा कळूं नये, असें हें विलक्षण जिणें आहे.

महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ सालच्या जानेवारींत सुरू झाली. आरंभीं तिच्या ९३७ गाड्या होत्या. पैकीं २३३ गाड्यांत प्रगत उपचारांचीं साधनें व ७०४ गाड्यांत मूलभूत साधनें होतीं. शहरांत वीस व खेड्यांत तीस मिनिटांत गाडी पोंचावी असा संकल्प होता. हैदराबादेस २००५ सालीं सुरू झालेल्या १०८ सेवेंत रुग्णापाशीं या कामाचें शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ बसे. महाराष्ट्रानें त्या जागीं डॉक्टर बसविला, आणि त्यांत आयुर्वेदाच्या पदवीधरांचा भरणा मोठा राहिला. तथापि 'निम'चा शिक्का त्याच्याही कपाळचा सुटला नाहीं. मोठ्या डॉक्टरांच्या लेखीं तो गाडींतला, आणि नातलगांच्या लेखीं तो गाडीबरोबर आलेला. गाडी हांकणारास तेथें 'पायलट' म्हणतात. स्ट्रेचरचें दुसरें टोक त्याच्या हातीं असतें, आणि गर्दींतून वाटही तोच काढतो. पण त्याचा विचार तर कोणाच्याच मनांत येत नाहीं. गांवकऱ्यांनीं मात्र या सर्वांस मिळून एक नांव दिलें आहे : 'एकशेआठ'. "एकशेआठ आली काय?" असें खेड्यांत विचारतात. जपमाळेच्या मण्यांचा हा आंकडा लोकांच्या जिभेवर सहज बसला. सरकारी परिभाषेपेक्षां या लोकभाषेंत अधिक जिव्हाळा आहे हें खरें. पण शेवटीं तोही एक आंकडाच, माणसाचें नांव नव्हे.

आतां वाङ्मयाकडे वळूं. आपल्या नाट्यशास्त्रानें कथानकाचे पांच संधि सांगितले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बीज पडतें तें मुखांत, फळ हातीं येतें तें निर्वहणांत. परंतु जेथें फळ हातीं येतें कीं नाहीं अशी आशंका उत्पन्न होते, तो भाग गर्भ आणि विमर्श यांचा. नाट्याचें सारें मर्म तेथें सांठविलेलें असतें. आमच्या कथा-कादंबऱ्यांतील अपघात आणि आजार या दृष्टीनें तपासून पाहावे. एका प्रकरणाच्या शेवटीं नायक कोसळतो, आणि पुढच्या प्रकरणाच्या आरंभीं तो रुग्णालयाच्या खाटेवर डोळे उघडतो. मधल्या कोऱ्या जागेंत कोणीं तरी त्याचा श्वास राखलेला असतो. पण लेखकाच्या लेखीं ती जागा केवळ प्रकरण बदलण्याची. चित्रपटांत तर एक कर्कश भोंगा वाजला कीं तो संपूर्ण मधला काळ उरकला! शास्त्रकारांनीं ज्यास नाट्याचें मर्म मानलें तोच भाग आम्हीं गाळला, आणि मग आमच्या कथांतील मरण खोटें वाटतें म्हणून तक्रार करीत बसलों.

इंग्रजी वाङ्मयांत हें काम आलें आहे. परंतु तें कसें आलें हेंही चिकित्सेनें पाहावें. पहिल्या महायुद्धांत कित्येक लेखकांनीं रुग्णवाहिका चालविल्या. हेमिंग्वे १९१८ सालीं इटलीच्या आघाडीवर रेडक्रॉसची गाडी चालवीत होता, आणि १९२९ सालच्या त्याच्या 'अ फेअरवेल टु आर्म्स' या कादंबरीचा नायकही रुग्णवाहिकांच्याच कामावरला अधिकारी आहे. या कादंबरींत एक प्रसंग असा : जखमी नायक गाडीच्या खालच्या फळीवर निजला आहे, वरच्या फळीवरील शिपायाचें रक्त धारेनें त्याच्या अंगावर गळूं लागतें, तो चालकास हांक मारतो, पण चालकास गाडी पुढें नेण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं. हळूहळू धार मंदावते, थेंब थंड होतात, आणि पुढच्या ठाण्यावर तें स्ट्रेचर उतरवून दुसरें चढवितात. आमच्या मतें रुग्णवाहिकेविषयीं याहून प्रत्ययकारी पान इंग्रजींत क्वचित् असेल. पण या पानाचें सामर्थ्य कशांत आहे? मदत करणारा असहाय आहे यांत. ती गाडी खरोखरच निव्वळ 'वाहिका' आहे. तींत उपचार नाहीं. हेमिंग्वेनें आपल्या काळचें सत्य लिहिलें. त्या काळानंतर मात्र गाडीच्या आंतल्या भागांत एक मोठी क्रांति झाली, आणि वाचकाच्या मनांतलें चित्र अजून त्या जुन्या गाडीचेंच राहिलें आहे.

ती क्रांति कोणीं केली हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं १९६७ सालीं फ्रीडम हाउस नांवाची सेवा सुरू झाली. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या शास्त्रांत मोठें कार्य केलेले डॉक्टर पीटर साफार यांनीं गरीब वस्तींतील कृष्णवर्णीय तरुणांस शिकवून तयार केलें. आणि ज्यांस कोणी कामावर घेत नव्हतें त्यांनीं, चालत्या गाडींत पूर्ण उपचार करतां येतात, हें जगास दाखविलें. १९७५ सालीं ती सेवा बंद झाली आणि काम शहराच्या सेवेकडे गेलें. जुन्या माणसांपैकीं बऱ्याच जणांस नव्या व्यवस्थेंत टिकूं दिलें नाहीं. या इतिहासावर केव्हिन हॅझर्ड यांचें 'अमेरिकन सायरन्स' हें पुस्तक २०२२ सालीं निघालें. लेखक स्वतः अनेक वर्षें हेंच काम केलेला. त्यापूर्वीं, १९९८ सालीं, न्यूयॉर्कांत हें काम केलेल्या जो कॉनेली यांची 'ब्रिंगिंग आउट द डेड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षीं तिचा चित्रपट झाला. तिचा नायक वांचवूं न शकलेल्या एका मुलीच्या आठवणीनें झपाटलेला आहे. कादंबरी प्रामाणिक आहे, पण तिचा भर नायकाच्या जळणाऱ्या मनावर इतका आहे कीं, हाताचें कौशल्य त्या ज्वाळेंत दिसेनासें होतें. तरीही या लेखकांनीं एक गोष्ट सिद्ध केली : गाडीच्या आंतून लिहिलेलें वाङ्मय आणि गाडीबाहेरून लिहिलेलें वाङ्मय यांत फार मोठें अंतर असतें.

आपल्याकडे हा विषय नवा आहे काय? मुळींच नाहीं. रामायणांत लक्ष्मण मूर्च्छित पडतो तेव्हां सुषेण औषधि सांगतो आणि हनुमान ती आणावयास जातो. येथें रुग्णास वैद्याकडे नेलेलें नाहीं. औषधच रुग्णाकडे आणलें आहे. आजच्या सेवेचें मूळ तत्त्व याहून निराळें नाहीं. परंतु हनुमानास वनस्पति ओळखतां आली नाहीं म्हणून त्यानें सबंध शिखर उपटून आणलें. त्याच्या बळाची स्तुति करतांना आपण विसरतों कीं, ज्ञानाची उणीव बळानें भरून काढण्याची सवड देवांना असते. रिठदच्या रस्त्यावरील मनुष्यास शिखर उचलतां येत नाहीं. त्यास वनस्पति ओळखावीच लागते.

अलीकडच्या काळीं गांधीजींनीं बोअर युद्धांत, १८९९-१९०० च्या सुमारास, सुमारें अकराशें हिंदी लोकांचें शुश्रूषापथक उभारलें. जखमींस झोळींत घालून दिवसाकाठीं वीस-पंचवीस मैल चालावें लागे असें त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. १९०६ सालच्या झुलू बंडाच्या वेळीं तर, ज्या झुलू जखमींस गोरे लोक हात लावीनात, त्यांची सेवा या हिंदी पथकानें केली. पण त्या अकराशांपैकीं बहुसंख्य लोक गिरमिटिया मजूर होते, आणि त्यांचीं नांवें आज सामान्य वाचकास ठाऊक नाहींत. १९३८ सालीं चीनला गेलेल्या पांच हिंदी डॉक्टरांच्या पथकांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणिसांचें १९४२ सालीं तेथेंच निधन झालें. १९४६ सालीं शांतारामबापूंनीं त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि महाराष्ट्राच्या मनांत ते कायमचे राहिले. हें योग्यच झालें. पण आघाडीवरून त्यांच्या शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत जखमींस जिवंत आणणारे जे कोणी होते, त्यांच्याविषयीं आमच्या मनांत कुतूहलही उत्पन्न झालें नाहीं. मेजापासून पुढें वीरगाथा सुरू होते. मेजापर्यंतची वाट मात्र अंधारांत.

या उपेक्षेची भरपाई म्हणून कीं काय, आमच्या वृत्तपत्रांनीं एक नवा शब्द पुढें केला आहे : 'देवदूत'. गाडींत प्रसूति सुखरूप झाली कीं दुसऱ्या दिवशीं मथळा येतो, 'एकशेआठ ठरली देवदूत'. करोनाच्या सांथींत तर या शब्दाचा पूर आला होता. लिहिणाराचा हेतु चांगला असतो यांत शंका नाहीं. पण वाङ्मयाच्या दृष्टीनें आम्हांस हा शब्द 'निम'इतकाच घातक वाटतो. 'निम' हा त्या मनुष्यास अर्धा करितो, आणि 'देवदूत' हा त्याचें मनुष्यपणच काढून घेतो. देवदूतास झोंप लागत नाहीं, त्याची पाळी बारा तासांची आहे कीं सोळा, हें कोणी विचारीत नाहीं. देवदूताची नोकरी कंत्राटी आहे कीं कायम, त्याचा पगार वेळेवर होतो कीं नाहीं, याची चौकशी करणें अप्रशस्त दिसतें. आणि देवदूत अपयशी झाला तर? मग त्याच्या गाडीची कांच फोडण्यास लोक कमी करीत नाहींत. कारण ज्याला आपण देव केलें त्यानें चमत्कार केलाच पाहिजे! ज्या दोन शब्दांनीं आपण त्याला ओळखतों ते दोन्ही, वर वर पाहतां, परस्परविरुद्ध आहेत; परंतु त्यांचें कार्य एकच, त्याच्याकडे नीट पाहण्याच्या कर्तव्यांतून आपली सुटका करणें.

येथें एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, वाङ्मय म्हणजे आरोग्यखात्याचें पत्रक नव्हे; प्रत्येक धंद्यास कादंबरींत हजेरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला तर कला राहील कोठें? हा आक्षेप पोकळ नाहीं. प्रचारासाठीं लिहिलेल्या कथा किती निर्जीव होतात हें आपण पाहिलें आहे. परंतु आमचें म्हणणें हजेरीपुरतें नाहीं. मनुष्य ज्या गोष्टींविषयीं कधीं वाचीत नाहीं, ऐकत नाहीं, त्या गोष्टी प्रत्यक्ष समोर आल्या असतां तो त्या ओळखूं शकत नाहीं. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी ओतणें, मान मोडलेल्यास खांद्यावर टाकून जीपमध्यें कोंबणें, गाडींतील मनुष्य उपचारासाठीं दोन मिनिटें थांबला तर "आधीं गाडी काढा" म्हणून त्याच्या अंगावर धांवणें, हें दुष्टपणामुळें घडत नाहीं. रुग्णवाहिका म्हणजे फक्त वेगानें धांवणारी गाडी, हेंच चित्र आम्हीं लोकांच्या मनांत रुजूं दिलें म्हणून तें घडतें. मोटारवाहनांच्या कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली. अपघातानंतरचा पहिला तास हा 'सुवर्णतास' म्हणून त्यांत नमूद झाला, आणि जखमीस मदत करणाऱ्या वाटसरूस संरक्षण मिळालें. कायद्यानें शब्द दिला. त्या शब्दाचा अर्थ लोकांच्या अंतःकरणांत उतरविणें हें कायद्याचें काम नव्हे. तें भाषेचें आहे, आणि म्हणून तें आमचेंही आहे.

मग लिहावें तरी कसें? याचा धडा, आमच्या मतें, त्या रुग्णालयाच्या दारांत दिल्या जाणाऱ्या नोंदींतच आहे. अमुक वाजतां पोंचलों. श्वास मिनिटास इतके. डोळे मिटलेले, हांकेस हात हलवितो. अमुक वाजतां श्वास मंद, पिशवीनें देण्यास आरंभ. त्यांत विशेषण नाहीं, शोक नाहीं, 'दुर्दैवानें' असा शब्द नाहीं. आणि तरीही वाचणारास एका जिवाची सबंध वाट दिसते. ही नोंद वाङ्मय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मरणाच्या प्रसंगीं विशेषणांचा पाऊस पाडणाऱ्या आमच्या गद्यानें तिच्यापासून संयम शिकण्यासारखा आहे. मराठींत ग्रामीण कथेची परंपरा मोठी आहे. दलित लेखकांनीं तर, ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतें त्यांच्या आंतून लिहिलें म्हणजे भाषेचा कणाच कसा बदलतो, हें सिद्ध करून दाखविलें आहे. त्याच न्यायानें रात्रपाळीवरून परतलेल्या एखाद्या डॉक्टरानें किंवा पायलटानें आपल्या बोलींत लिहावयास बसावें, आणि मासिकांच्या संपादकांनीं त्याचें लेखन शुद्धलेखनाच्या चुका मोजून परत पाठवूं नये, एवढी आमची मागणी आहे.

राहतां राहिला नांवाचा प्रश्न. २०२१ सालीं संसदेनें या क्षेत्रांतील व्यवसायांसाठीं जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या नांवांत इंग्रजी 'पॅरा' हें पद नाहीं. त्याच्या जागीं 'संलग्न' अशा अर्थाचें पद आलें आहे, आणि त्याच्या अनुसूचींत आपत्कालीन उपचार करणाऱ्यांस स्वतंत्र स्थान मिळालें आहे. म्हणजे कायदाही एक पाऊल पुढें गेला. आमची मराठी मात्र 'निम'ला अजून चिकटून आहे. पंडितांनीं बसून नवा शब्द घडवावा असा आमचा आग्रह नाहीं. 'एकशेआठ' म्हणणारे लोक योग्य वेळीं योग्य शब्द काढतील. पण शब्द रुजण्यासाठीं आधीं तो मनुष्य दिसावा लागतो. काव्य आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या मुलखांत झाला म्हणतात, तेथल्याच एका रस्त्यावर आज रात्रींही कोणी तरी दर सहा सेकंदांस एक याप्रमाणें परक्याचा श्वास मोजीत बसला असेल. तो अर्धा वैद्य नव्हे, देवाचा दूतही नव्हे. आपलें काम शिकलेला आणि तें चोख करणारा तो एक माणूस आहे; आणि मराठी वाङ्मयानें त्याची ओळख करून घेण्यास आणखी विलंब लावूं नये.